एक वाजून छत्तीस मिनिटांनी मामा

अहमदाबादेहून मुंबई किती लांब, हे गेल्या फाल्गुनापर्यंत जव्हारात कुणालाही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. आता आमच्या आळीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल: पावणेतीनशे मैल, विमानाने पावणेतीन तास. हे ज्ञान गावाला आमच्या घरातून मिळालं. त्याबद्दल गावाने आमचे जे आभार मानले, ते अजून कानात आहेत.

सुरुवात दामूच्या पत्राने झाली. दामू माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी अकराची. त्याला भात कालवून भरवायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आलं. पुढे तो कराचीला एका पेढीवर लागला आणि मी लग्न होऊन इथे डोंगरावर आले. पत्रात त्याने लिहिलं होतं:

‘ताई, पेढी मला पाच वर्षांसाठी मोंबासाला धाडते आहे. बोट मुंबईहून रविवारी सकाळी सुटते. हुकूम इतका उशिरा आला की आगगाडीने ती गाठणं शक्य नाही, म्हणून टपालाच्या विमानात पिशव्यांच्या शेजारी माझी एक जागा केली आहे. शनिवारी पहाटे कराचीहून निघून साडेअकराला अहमदाबाद सोडू, सव्वादोनला मुंबई. जव्हारला येऊन परत जायला तीन दिवस हवेत, ते मजजवळ नाहीत. पण वैमानिक म्हणतो, तुमचं संस्थान वाटेतच कुठेतरी आहे. उंचावर काहीतरी मोठं पांढरं पसर आणि छबीला घेऊन उभी राहा. मी वाकून बघेन.’

पत्र वाचून मला आधी आनंद झाला. तो ‘वाकून’ या शब्दापर्यंत टिकला. आकाशातून वाकून? विमानाला कठडा असतो का? हा मुलगा लहानपणी विहिरीत वाकून बघायचा तेव्हा मी त्याची चड्डी मागून धरून ठेवत असे. आता कोण धरणार? टपालाच्या पिशव्या? आणि वाकणार कशासाठी, तर माझी मुलगी बघण्यासाठी. म्हणजे पडला तर पाप माझ्या माथी.

छबीला तेव्हा सातवा महिना सरत आला होता. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. पाचवा महिना तिच्या खोकल्यात गेला, सातवा मामाच्या वाटेकडे डोळे लावण्यात चालला होता. पहिला घास मामाने भरवायचा. मामा नसेल तर काका, आत्या, कुणीही चालतं, असं सगळे सांगत होते. चालत असेल. पण ज्याला मी स्वतः भरवून वाढवलं त्याच्या हातचा पहिला घास माझ्या लेकीला मिळावा, एवढी एकच गोष्ट मी सासरी येऊन हट्टाने मागितली होती. आणि आता तो पाच वर्षं आफ्रिकेत. तो परत येईल तेव्हा ही बया स्वतः पोळ्या लाटत असेल.

आमचे हे मोजणी कचेरीत आहेत. हातभर बांध इकडचा तिकडे झाला म्हणून त्यांनी दाभोशाकडचं एक अख्खं शिवार पुन्हा साखळी ओढून मोजलं होतं. मी पत्र वाचून डोळे पुसत होते तेव्हा हे म्हणाले, “थांब. रडण्याआधी अंतर काढू.”

संध्याकाळी ते शाळेत जाऊन आले. शाळेच्या भिंतीवर इलाख्याचा मोठा नकाशा आहे. त्यावर त्यांनी माझ्या शिवणाच्या पेटीतला काळा दोरा अहमदाबादेपासून मुंबईपर्यंत ताणून धरला.

“अगं, दोरा थेट जव्हारच्या ठिपक्यातून जातो! ठिपक्याच्या मधोमध!” इतका उत्साह त्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नातही पाहिला नव्हता. “अहमदाबादेपासून आपण दोनशे दहा मैल. ताशी शंभर मैल. म्हणजे दोन तास सहा मिनिटं. तुझा भाऊ आपल्या डोक्यावर एक वाजून छत्तीस मिनिटांनी येणार.”

आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. म्हटलं, “मग डोक्यावर आला म्हणजे हजरच झाला की. त्याच क्षणी घास भरवला तर?”

हे गंभीरपणे म्हणाले, “पाध्ये भटजींना विचारायला हवं.”

इथपर्यंत ही गोष्ट आमच्या तिघांचीच होती. पण आमच्या आणि चिमाकाकूंच्या घरामध्ये एकच कुडाची भिंत आहे आणि तिला कान लावायचीही गरज पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पाणी मागण्याच्या निमित्ताने आल्या. त्यांच्या अंगणात स्वतःची विहीर आहे.

“काय गं, तुझा भाऊ आभाळातून येणार म्हणे? त्याला कानटोपी आहे का? वर वारा फार असतो. आणि उपाशी बसू नको म्हणावं. रिकाम्या पोटी माणूस हलका होतो, उचलला जातो.”

“काकू, ते विमान आहे, पतंग नाही.”

“तेच ते. दोरा लावूनच मोजलंत ना तुम्ही?”

मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. रात्रभर मात्र तो हलका झालेला दामू डोळ्यांसमोरून गेला नाही. सकाळी उठून मी त्याला पत्र टाकलं: ‘भरपेट जेवून बस. वाकू नकोस. वाकायचंच असेल तर कुणाला तरी धरायला सांग.’ पत्र त्याला मिळणार नाही हे मला माहीत होतं. पण लिहिल्यावर जरा बरं वाटलं.

खूण कसली करायची, हा पुढचा प्रश्न. ह्यांचं मत धुराकडे होतं. धूर दहा मैलांवरून दिसतो. पण लाकडं घेऊन आलेली पोशी ते ऐकून हसायलाच लागली. पोशी वांगणीकडची, आमच्याकडे मोळी टाकते आणि जाताना छबीला पाच मिनिटं कडेवर घेऊन झुलवते. ती पाच मिनिटं माझी दिवसातली सुट्टी.

“धूर करतोस, दादा? आतां समदे लोक राब भाजतात. जथं बघशील तथं धूरच धूर. बायचा भाऊस म्हणंल, माझ्या किती बहिणी हायत इथं!”

खरंच की. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळायचे दिवस. ज्या टेकडीकडे बघावं तिथून धुराची रेघ वर चढत असे. मग पोशीने विचारलं, “तां इमान किती लांबून येतां?”

ह्यांनी मैल सांगितले. ते तिच्या कामाचे नव्हते. पोशीचे लोक अंतर विसाव्यांनी मोजतात. डोक्यावर ओझं असलं की बाजाराची वाट पाच विसाव्यांची, मोकळ्या हाताने तीच दोनाची. तिने बोटांवर मोजून पाहिलं.

“आन वाटत ओझं कुठं टेकवतां?”

“कुठेच नाही. अहमदाबाद ते मुंबई, एका दमात.”

“येक पन विसावा नाय?” पोशीने छबीला छातीशी धरलं. “बिचारा!”

इतके दिवस मी फक्त पडण्याची काळजी करत होते. दमण्याची राहूनच गेली होती.

शेवटी पांढरी धोतरं पसरायचं ठरलं. आमच्या घरात धोतरं चार. चार धोतरं आकाशातून केवढी दिसणार? ह्यांनी तेही गणित केलं आणि किमान तीस हवीत असं निघालं. चिमाकाकूंनी आळीत शब्द टाकला. दोन दिवसांत एकतीस धोतरं जमली, आणि प्रत्येकाबरोबर एक सूचनाही. कुणी म्हणालं, माझं मधोमध ठेवा, नवं आहे. कुणी म्हणालं, शाईचा डाग खालच्या अंगाला घ्या, वरून दिसेल. काकूंच्या यजमानांकडे दोनच धोतरं होती. त्यांनी एक दिलं आणि दुसरं वाळेपर्यंत पंचा नेसून घरात बसले, व त्यांची खबर काकू दर तासाला आम्हाला पोचवत राहिल्या.

धोतरं पसरायला परवानगी लागते हे आम्हाला अर्ज परत आल्यावर कळलं. म्हणजे अर्ज आम्ही केलाच नव्हता. कुणीतरी आमच्या वतीने तो करून टाकला होता. त्या दिवसांत उंचावर पांढरं कापड म्हटलं की कचेऱ्यांना धसका बसे. मोठ्या कारकुनांनी ह्यांना बोलावून विचारलं, “चळवळीपैकी काही नाही ना?” ह्यांनी जागच्या जागी नवा अर्ज लिहिला. ‘हेतू’ या शब्दापुढे बराच वेळ टाक थांबला. मग त्यांनी लिहिलं: ‘भाची दाखवणे.’ परवानगी दोन अटींवर मिळाली. वस्त्रे फडकवू नयेत, आडवी अंथरावीत. आणि विमान हद्दीत उतरल्यास नाक्यावर नोंद करावी.

“उतरल्यास?” मी किंचाळलेच. “ते उतरण्याचं का लिहितात? पडण्याला सरकारी भाषेत काय म्हणतात?”

पाध्ये भटजींनी तर दोन दिवस पोथ्या चाळल्या. “डोक्यावर हजर म्हणजे हजरच,” ते म्हणाले, “पण किती उंचीवर, याला प्रमाण सापडत नाही. मूल मामाच्या मांडीवर हवं असं आहे. तथापि मामा वर आणि भाची खाली, म्हणजे ती त्याच्या छायेत येते. छाया म्हणजे मांडीच धरू.” मुहूर्त दुपारी बसत नव्हता. तो त्यांनी दोन्ही टोकांना धरून जरासा ताणला.

एवढं झाल्यावर शाळेतल्या दळवी मास्तरांच्या एका विद्यार्थिनीच्या बापाने विचारलं, “छत्तीस मिनिटं कुठल्या घड्याळाची?”

ह्यांचा चेहरा पडला. रेल्वेची वेळ एक, मुंबईची तिच्याहून एकोणचाळीस मिनिटं मागे. आणि आमच्या गावात तास पडतो तो कचेरीच्या दारावरचा राघो देतो, आधी उन्हाकडे बघून आणि मग जेवण झालं की नाही ते बघून. दामू कुठल्या एक छत्तीसला येणार? ह्यांनी तिन्ही वेळा कागदावर मांडल्या. राघोकडे जाऊन त्याचं जेवणही विचारून आले. मग ठरलं: साडेबारालाच जाऊन उभं राहायचं आणि हलायचं नाही.

शनिवारी सकाळपासून मला खाणं गेलं नाही. छबीच्या कानांसाठी कापसाचे बोळे केले, विमानाच्या आवाजाने दचकू नये म्हणून. ते तिने खाऊ पाहिले. तिला पोटभर पाजलं नाही, खिरीसाठी भूक राहावी म्हणून, आणि मग त्या उपाशी चेहऱ्याकडे बघून पदर तोंडाला लावून रडले. हिरवं झबलं घातलं. मग वाटलं, हिरव्या रानात हिरवं झबलं दिसेल कसं? लाल घातलं. हे म्हणाले, “दोन हजार फुटांवरून झबलं दिसत नाही.” मी म्हटलं, “मामाला दिसतं.”

पश्चिमेच्या कड्यावर आम्ही पोचलो तर अर्धं गाव आधीच तिथे. शेंगदाणेवालाही. एकतीस धोतरं अंथरली, चारी टोकांवर दगड ठेवले. मधोमध मी, कडेवर छबी. शेजारी पाध्ये भटजी चांदीच्या वाटीत खीर आणि तीत सोन्याची अंगठी घेऊन. समोर हे, तळहातावर घड्याळ, तोंड उत्तरेकडे. सगळ्या माना वर.

पहिली वेळ आली आणि गेली. वारा सुटला. मोठ्या कारकुनांचं धोतर दगडाखालून निसटलं आणि सगळ्या अटी मोडून फडकत फडकत दरीत गेलं. “नोंद करा!” कुणीतरी ओरडलं. चिमाकाकू म्हणाल्या, “आमचं नाही ना? घरी एकच आहे हो!”

छबी भुकेने कुरकुरायला लागली. खीर गार झाली. मी आकाशाकडे बघत होते आणि मनात उलट्याच गोष्टी येत होत्या. देवा, लवकर आण. नको, आणूच नकोस. आला की वाकणार. नुसता वरून जाऊ दे, डोळे मिटून जाऊ दे, हवं तर पिशवीवर झोपलेला जाऊ दे. भाची काय, पाच वर्षांनी बघेल.

आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “आलं! आलं!”

एकाच वेळी दीडशे माना मागे पडल्या. मीही मान वर केली. उत्तरेकडे एक काळा ठिपका हलत होता. हे म्हणाले, “भटजी, तयार!” भटजींनी मंत्र सुरू केला. ठिपका मोठा झाला, त्याने एक घिरटी घातली, पंख जरा झुकवले आणि एका सुक्या झाडावर जाऊन बसला. घार होती.

खाली बघितलं तर माझ्या कडेवर शांतता. कुरकुर नाही, काही नाही. भटजींच्या हातातल्या वाटीत छबीचा मनगटापर्यंत हात होता. तो तिने बाहेर काढला, पाची बोटं तोंडात घातली आणि गालांवर, नाकावर, लाल झबल्यावर खीर माखून खुदकन हसली. मामा नाही, मंत्र अर्धा, अंगठी जमिनीवर. पहिला घास तिने स्वतःच घेतला.

“झालं?” भटजींनी विचारलं.

“झालं,” मी म्हटलं. आणि मग मला काही आवरेना. तिच्या चिकट गालांवर गाल ठेवून मी इतक्या माणसांत रडले. दुसरा घास कितीही वेळा भरवता येईल. पहिला कुठून आणायचा?

दळवी मास्तर आले ते त्याच वेळी. त्यांना तापामुळे उशीर झाला होता. धोतरं बघून ते चकित झाले.

“विमान जव्हारवरून? कुणी सांगितलं?”

“तुमच्याच शाळेतल्या नकाशाने,” हे म्हणाले. “दोरा ठिपक्याच्या मधोमध गेला.”

“लाल ठिपक्याच्या?” मास्तर खाकरले. “तो… तो माझा.”

“तुमचा म्हणजे?”

“छापील नकाशात आपलं जव्हार नव्हतंच हो. तपासणीला मोठी माणसं यायची होती. आपल्या संस्थानच्या शाळेत आपलंच गाव नाही, हे बरं दिसेना. म्हणून मी लाल शाईने काढलं. घाटाकडे डोंगर आणि नद्यांची इतकी दाटी, नाव मावेना. जिथे मोकळी जागा दिसली तिथे लिहिलं.”

“मोकळी जागा कुठे होती?”

“जरा समुद्राकडे.”

“जरा म्हणजे किती?”

“असेल तीसएक मैल.”

हातभर बांधासाठी शिवार पुन्हा मोजणारा माणूस धोतरांच्या मधोमध उभा होता, घड्याळ अजून तळहातावर. मग त्यांनी ते खिशात घातलं आणि खाली वाकून एकेक धोतर झटकून घडी घालायला लागले. लोक मात्र बोलायला लागले, ते अजून थांबलेले नाहीत. मोठे कारकून ह्यांना भेटले की अजून आधी आभाळाकडे बघतात.

मला मात्र वेगळंच सुचलं. विमान समुद्राकडून गेलं. समुद्रावरून! “अहो, दामूला पोहता येत नाही!”

चार दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. मुंबईचं वर्तमानपत्र दोन दिवस शिळं होऊन इथे येतं. ते मी छबीला मांडीवर घेऊन पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलं. विमान पडल्याची बातमी नव्हती. पण न पडल्याचीही नव्हती. पोशी मोळी टाकून म्हणाली, “आलां आन गेलां असंल तां, बाय. खालीं पडलां असतां त कोनी सांगाया आलां असतां.” ते मला त्या चार दिवसांतलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं वाटलं.

पाचव्या दिवशी दामूचं पत्र आलं. बोटीवर चढण्याआधी टाकलेलं.

‘ताई, तू कमालच केलीस. डहाणूच्या आसपास खाली बघितलं तर पांढरं शुभ्र! चौकोनी, एकाला एक लावून, जवळजवळ मैलभर. एवढी धोतरं कुठून आणलीस? सगळं संस्थान उघडं केलंस की काय? आणि मधोमध एक लहानसा ठिपका हलत होता. मी ओळखला. पिशवीत माझ्याजवळ पेढा होता, तो तिच्या नावाने मी खाल्ला. उष्टावण झालं असं समज. वाकलो नाही, काळजी करू नकोस.’

मी ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘मैलभर’ या शब्दाला ह्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. “किनाऱ्याला तिथे…” ते म्हणाले, “मिठागरं…”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. छबी माझ्या मांडीवर पत्राचा कोपरा चावत होती. पेन्सिल परत कानावर गेली.

“मैलभर नसेल,” हे म्हणाले. “पण होती बरीच.”

दुपारी छबी झोपली तेव्हा मी उत्तर लिहायला बसले. लिहिलं की तो ठिपका आमचाच होता, लाल झबल्यात, आणि तुझा पेढा तिला पोचला. हे मागे उभे राहून वाचत होते. पत्र संपत आलं तसे म्हणाले, “एक ओळ माझी घाल.”

“काय लिहू?”

“लिही की पाच वर्षांनी पुन्हा कराचीहून आलास तर डाव्या हाताच्या खिडकीशी बस.”